म्हैस मंडळाची रिले

हॅलो?… कोण, नलूताई? बरं झालं तूच केलास… छे गं, झोपते कसली सकाळी अकराला? कोलंबी सोलतेय. फोन ओट्यावर ठेवलाय, हात बरबटलेत… हो, येतोय आवाज. बोल. नाही, थांब, आधी मीच बोलते. रविवारी जे झालं ना ताई, ते उभ्या अंधेरीत कोणाला सांगून खरं वाटायचं नाही. तुला तर नाहीच नाही…

अगं, आमची रिले! पोहण्याची. चार बायकांची… कोणत्या बायका म्हणजे? आमच्याच, म्हैस मंडळाच्या… हस. हस तू. नाव आम्ही नाही ठेवलं, लोकांनी ठेवलं. चार वर्षांपूर्वी बायकांच्या बॅचला आम्ही सहाजणी पहिल्यांदा तलावात उतरलो, तेव्हा कठड्यावरून एक बाप्या मोठ्याने म्हणाला, ‘म्हशी बसल्या बघा पाण्यात.’ आम्ही काय केलं? टोप्यांवर छापून घेतलं! आता बावीसजणी आहोत. त्यातल्या चौदा आयुष्यात बादलीपलीकडे पाण्यात शिरल्या नव्हत्या. आणि म्हैस एकदा पाण्यात बसली की…

काय? सौरभचा फोन आला होता?… वाटलंच मला. तरी म्हटलं, ताईला बुधवारी सकाळी माझी आठवण कशी. काय म्हणाला माझा लेक?… ‘मावशी, तू सहीच्या भानगडीत पडू नकोस’?… असं म्हणाला? बंगलोरला बसून?… हो, घसरले होते. पण कुठे? पाण्यात नाही, शॉवरपाशी. शॉवरपाशी तर घरातही घसरते मी, मग आंघोळ बंद करू?…

बहात्तर. माहितेय मला किती ते. तू पंचाहत्तरची. म्हणजे बघ गंमत, पंचाहत्तरच्या बाईची सही चालते आणि बहात्तरच्या बाईचं पोहणं चालत नाही!… नियम आहे ना, मी कुठे नाही म्हणते? सत्तरीच्या पुढे घरच्या माणसाची सही. आज पाचला काउंटर बंद. सही नसली तर एक तारखेपासून माझं कार्ड गेटवर चालायचं नाही. म्हणून तर मागच्या आठवड्यात फॉर्म तुझ्याकडे ठेवून आले, लोणच्याच्या बरणीखाली… आहे ना तिथे?… हो की नाही ते बोल ना… बरं, नको बोलूस. आधी रिले ऐक, मग ठरव मी पोहायला लायक आहे की नाही. गिरणीचा संप झाला तेव्हा मी तीन वर्षं घर ओढलं. तेव्हा नाही कोणी फॉर्म आणला, ‘मालनबाई, झेपेल का, घरच्यांची सही आणा’ म्हणून!…

चिडले नाही. ऐक ना गं.

तर पाच टीम. एकेकीने एक फेरी जायची, एक यायची. मधे कोणीही दोरीला हात लावला की अख्खी टीम बाद… दोरी म्हणजे गं, पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधतात ना, आपली गल्ली कुठली ते कळायला. ती धरून दम खायचा नाही. आमची पहिली सरूबाई… तीच, खारदांड्याची, मासळी विकून येते ती. शिट्टी वाजली आणि सरूबाई निघाली, मान वर, एका कुशीवर, होडीमागून पोहतात तशी. मुलुंडच्या टीमचा कोच धावत आला, ‘ये कौनसा स्टाइल है?’ मी उभी राहिले. म्हटलं, ‘बोर्ड वाचा. काय लिहिलंय? फ्रीस्टाइल. फ्री म्हणजे मोकळी! जिला जशी जमेल तशी!’… अगं खरंच तसा नियम आहे, पुस्तकात आहे. पंचांनी पुस्तक उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. ही गोष्ट शंभर टक्के खरी… म्हणजे बाकीच्याही खऱ्याच आहेत. मधेमधे नको ना बोलूस.

सरूबाई आली तेव्हा आम्ही पहिल्या. तिच्या हाताने अशी लाट उठली, अशी, की पंच भिजले, वही भिजली, तिसऱ्या पायरीवरचा वडापाव भिजला… बरं, दुसऱ्या पायरीवरचा. मग विनिता, तिने राखलं. मग वसुधा. वसुधाच्या गुडघ्यात स्टील बसवलंय ना, ती जरा बुडत बुडतच जाते. तिथे आम्ही मागे पडलो. आणि शेवटची कोण?… मी! मुलुंडची शेवटची मुलगी अर्धा तलाव पुढे गेलेली. पस्तिशीची असेल… अठ्ठावीस म्हटलं तरी चालेल. राज्याकडून खेळलेली, म्हणतात… कोण म्हणतात म्हणजे, लोक म्हणतात!

मी सूर मारला… हो, सूर. शिडीने उतरायचे ते आधी. रविवारी सूर मारला. पहिली फेरी कशी गेली कळलंही नाही. भिंतीला पाय लावून वळले, आणि ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, वळल्यावर छाती भरून आली. हात जड. दोरी इथे, अशी, बोटभर अंतरावर. पिवळी, लाल, पिवळी, लाल. वाटलं, एकदा धरावी. एकच क्षण. कोणाला दिसतंय?…

हे ऐक. हे सौरभलाही सांगितलं नाही मी. तेवढ्यात वरून आवाज आला. आईचा!… अगं आईचा, आपल्या आईचा! आभाळातून! पाण्यात कान बुडालेले, तरी स्वच्छ ऐकू आलं, ‘माले! दोरयेक हात लावलंस तर बघ!’… मालवणीत! अंधेरीत मालवणी बोलणारे पुष्कळ आहेत, पण मला ‘माले’ म्हणून हाक मारणारं आईनंतर आहे कोण? मी हात मारले, हात मारले, राज्याकडून खेळलेल्या त्या पोरीच्या बाजूने सरसर गेले, तिने वळून बघितलं, मी वळून नाही बघितलं, आणि भिंत! पहिला नंबर! सगळा तलाव उभा राहून टाळ्या वाजवत होता. हजार माणूस…

बसतात गं. दाटीवाटीने बसतात… मेडल? मेडल आहे ना. वसुधाकडे आहे… पॉलिश करायला दिलंय… नवीन मेडलला पण करतात पॉलिश! तू आता वकिलासारखे प्रश्न विचारू नकोस. एवढं ऐकून सही करतेस की नाही ते सांग. हे बघ ताई, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं सौरभचं चाललंय. त्याने मला पाण्यात बघितलंय तरी का कधी? तूही नाही बघितलंस. बघितलं असतंस तर…

काय?

काय म्हणालीस? परत बोल, कुकरची शिट्टी झाली…

बघितलंयस? कुठे?… रविवारी?… तू चेंबूरहून अंधेरीला आलीस? एकटी?… वरच्या पायरीवर. खांबाशी… काळी छत्री घेतलेली ती बाई तू होतीस?

अगं पण मग तो आवाज…

तू ओरडलीस?

…

आईसारखाच झालाय गं आवाज तुझा.

…नाही, रडत नाहीये. कोलंबी सोलतेय म्हटलं ना… कोलंबीने नाही येत डोळ्यांतून पाणी, माहितेय मला. कांदाही चिरतेय… म्हणजे तू अगदी सुरुवातीपासून… शिडीपण बघितलीस?… हो. शिडीनेच उतरले… हो गं बाई, हो! पाचवी! पाचांत पाचवी! मुलुंडच्या पोरी केस पुसून इडली खात होत्या तेव्हा मी पाण्यात होते, झालं समाधान? मग मीही सांगते, त्या दिवशी त्या तलावात सगळ्यांत जास्त वेळ कोण पोहलं? मी!… आणि हजार माणूस नव्हतं, बरं. टाळ्या एकट्या कोणाच्या तरी वाजत होत्या… तुझ्याच?… वाटलं तरी, हात कोणाचे इतके…

ते जाऊ दे. एक सांग. वरून नीट दिसत होतं ना?… दोरीला हात लावला मी?… एकदा तरी?… बोटसुद्धा?… नाही ना? मग! तेवढंच सांग सौरभला. आणि तो फॉर्म घे बरणीखालचा, रिक्षा कर, पाचच्या आत…

बरणीखाली नाहीये? मग कुठे ठेवलास?

काउंटरवर?… रविवारीच दिलास? सही करून?… मी पाण्यातून बाहेर यायच्या आधी?

आणि मला इतका वेळ नुसतं बोलू दिलंस!… ‘बघत होते किती लांब पोहतेस’?…

ठेव. ठेव फोन, म्हशी!