तिसरी खाच

धैर्यशील : काका, स्पष्ट बोलू? राग नाही ना यायचा?

पुरुषोत्तम : राग यायचा असता तर रविवारी सकाळी तुला माझ्या गराजमध्ये बोलावलंच नसतं. बोल.

धैर्यशील : हे सस्पेन्शनचं किट घेऊ नका. एवढ्या पैशात तुमची अख्खी स्नोमोबाइल आली होती. सेकंडहँड का असेना.

पुरुषोत्तम : मी किंमत विचारलेली नाही. उपयोग आहे का, ते विचारलं.

धैर्यशील : कुणाला, त्यावर आहे. ती पोरं वर डोंगररांगेवर उड्या मारतात, त्यांना आहे. हीप्स, भरपूर. आज कडक बर्फ, उद्या भुसभुशीत, म्हणून बटण फिरवून शॉक-अ‍ॅब्सॉर्बर कडक-मऊ करतात. तुम्ही काय करता? गेटपासून निघायचं, बर्फात रोवलेल्या खांबाखांबानं वर त्या मोठ्या खडकापर्यंत जायचं, थर्मास काढायचा, चहा प्यायचा आणि आलात त्याच वाटेनं खाली. आमच्या इचलकरंजीत लोक लूनावर याहून जोरात जायचे.

पुरुषोत्तम : झाली चेष्टा करून?

धैर्यशील : झाली. आता खरं सांगतो. अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन घेणारी दहातली नऊ माणसं ते पहिल्या दिवशी एकदा अ‍ॅडजस्ट करतात आणि परत हात लावत नाहीत. आमच्या वर्कशॉपला येतात ना गाड्या, बटणावर माती बसलेली असते. मग साध्यात आणि त्यात फरक काय राहिला? शिवाय सील गेलं की पाठवा दुरुस्तीला ख्राइस्टचर्चला.

पुरुषोत्तम : आणि दहावा माणूस?

धैर्यशील : दहावा म्हणजे ज्याचं वजन बदलतं तो. आज एकटा, उद्या मागं कुणीतरी, परवा सामान. त्याला उपयोग आहे.

पुरुषोत्तम : मग मी दहावा आहे.

धैर्यशील : तुम्ही एकटेच जाता की.

पुरुषोत्तम : सध्या.

धैर्यशील : काका, मी अलेक्झांड्रात आल्यापासून तुम्हाला एकट्यालाच बघतोय. काकू तर हॅमिल्टनला ना? रोटोटुनाला, सिद्धीताईंकडे?

पुरुषोत्तम : नातीच्या, ईशाच्या वेळी गेली. लेकीचं बाळंतपण म्हणजे तीन-चार महिने, असं ठरलं होतं. मग सिद्धी कामावर रुजू झाली, पोरीला बघायला कुणी नाही, म्हणून राहिली. आता ती पोर शाळेत जायला लागेल.

धैर्यशील : म्हणजे बरेच दिवस झाले.

पुरुषोत्तम : तिची पाठ धरायची. शेवटच्या हिवाळ्यात ती वर आलीच नाही. 'तुम्ही जा, माझी पाठ दुखते' म्हणाली. मी काही फार मनावर घेतलं नाही. मला वाटलं, कंटाळा आला असेल, थंडीचं निमित्त असेल. त्या हिवाळ्यात मग मीही गेलो नाही. ती गेल्यानंतर मी एकटा जायला लागलो आणि पहिल्याच फेरीत माझी स्वतःची पाठ धरली. प्रत्येक उंचवट्याला मणक्यात दणका. तेव्हा लक्षात आलं, ती खरं सांगत होती. आपणच ऐकलं नाही.

धैर्यशील : म्हणून हे किट?

पुरुषोत्तम : हे बसवलं की गाडी तिच्यासाठी मऊ करता येईल. मार्चमध्ये मी डॅमवरच्या नोकरीतून सुटतोय. पुढच्या हिवाळ्यात, जूनमध्ये, तिला म्हणता येईल, ये आता, बसून बघ, दणका बसत नाही. तिच्या येण्यात अडचण ती एकच आहे. तेवढी दूर करतो.

धैर्यशील : बरं. मग आधी दणका का बसतो ते तरी बघू. बॅटरी द्या जरा इकडं. मागचा पट्टा उचलून धरायला लागेल. जॅक आहे?

पुरुषोत्तम : तो काय, फ्रीजरच्या शेजारी. ही ठोकळी खाली घाल, घसरतो तो. आधी मी उचलायचो आणि मृदुला ठोकळी सरकवायची.

धैर्यशील : धरा. हां, सोडा. स्प्रिंगा तर एकदम मस्त आहेत काका. गंज नाही, ग्रीस ताजं आहे. कुणी म्हणणार नाही जुनी गाडी म्हणून.

पुरुषोत्तम : प्रत्येक हिवाळ्याआधी काढून साफ करतो.

धैर्यशील : शॉक पण गळत नाही. मग दणका कशाचा... अरेच्चा.

पुरुषोत्तम : काय झालं?

धैर्यशील : काका, हा स्प्रिंगचा ठोकळा बघितला का? तीन खाचांचा आहे.

पुरुषोत्तम : माहीत आहे. पहिली एकट्यासाठी, मधली एकटा आणि सामान, तिसरी दोघांसाठी.

धैर्यशील : मग हा तिसरीत आहे.

पुरुषोत्तम : असणारच. मीच लावला होता. गाडी आणली त्याच आठवड्यात. तिला पूर्ण कपड्यांत बसवून, टेप लावून, नीट मोजून.

धैर्यशील : तेच म्हणतोय मी. दोघांच्या वजनाची स्प्रिंग आणि वर माणूस एक. दबणारच नाही ती. लाकडाच्या फळीवर बसल्यासारखं होणार. तुमची पाठ त्यानं धरतीय. पाना आणा, अर्धं मिनिट लागेल. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास. किट नको न् काही नको.

पुरुषोत्तम : हं.

धैर्यशील : तुम्ही इंजिनियर माणूस काका, पुण्यात एवढी वर्षं मशिनं लावली. हे लक्षात नाही आलं?

पुरुषोत्तम : लक्षात न यायला काय झालं? हात गेला नाही.

धैर्यशील : असू दे. होतं असं. पण काका... एक गोष्ट कळंना.

पुरुषोत्तम : कुठली?

धैर्यशील : तुम्ही दोघं बसायचा तेव्हा तर हे बरोबर लागलेलं होतं. मी मोजून सांगतो, परफेक्ट आहे. दणका बसायचं कारणच नाही. मग काकूंची पाठ कशानं दुखायची?

पुरुषोत्तम : कशानं दुखायची?

धैर्यशील : नाही, म्हणजे वयानं पण दुखते. माझी आई तर काय—

पुरुषोत्तम : फोन दे तो. बाकावर आहे बघ. हात ग्रीसचे आहेत माझे, तूच लाव तुझ्या काकूला. स्पीकरवर टाक.

धैर्यशील : आत्ता? मी बाहेर थांबतो मग.

पुरुषोत्तम : जॅक धरून थांब. गाडी पडेल.

मृदुला : हॅलो? अहो, बरे आहात ना? रविवारी सकाळी कसा काय फोन? तुम्ही तर वर जाता.

पुरुषोत्तम : आज नाही गेलो. धैर्यशील आलाय, गाडी बघायला.

धैर्यशील : नमस्कार काकू.

मृदुला : नमस्कार रे. काही खाल्लंस का? यांच्याकडे बिस्किटांशिवाय काही नसेल. काय झालंय गाडीला?

पुरुषोत्तम : काही नाही. गाडी उत्तम आहे. तेच विचारायचं होतं. तुझी पाठ दुखायची ना गाडीवर?

मृदुला : आता काय त्याचं?

पुरुषोत्तम : मी नवीन सस्पेन्शन घेणार होतो. तुझ्यासाठी. मऊ करता येतं. पण धैर्यशील म्हणतो, आधीचं लावलेलं बरोबर होतं. दोघांना दणका बसणार नाही असं.

मृदुला : नव्हताच बसत.

पुरुषोत्तम : मग?

मृदुला : ईशा, बेटा, आत जाऊन कार्टून बघ. आजी येते. हो, आजोबाच आहेत... ती विचारते, त्यांच्याकडे स्नो आहे का अजून.

पुरुषोत्तम : आहे म्हणावं. मृदुला, मग पाठ?

मृदुला : काहीतरी सांगायला हवं होतं ना तुम्हाला. 'मला यायचं नाही' म्हटलं असतं तर तुम्ही का म्हणून विचारलं असतं. पाठ म्हटल्यावर तुम्ही विचारलं नाहीत.

पुरुषोत्तम : आता विचारतोय.

मृदुला : धैर्यशील आहे तिथे.

पुरुषोत्तम : असू दे. घरचाच आहे.

मृदुला : मला एकटं वाटायचं हो. तुमच्या मागे बसून. आधी शहरात, माउंट रॉस्किलला होतो तेव्हा निदान बसस्टॉपवर कुणी भेटायचं, शेजारची मंदा होती. अलेक्झांड्राला तुमची नोकरी. दिवसभर घरात मी एकटी. शनिवार-रविवार आला की वाटायचं, आता हे आहेत, बोलू. तर तुम्ही हेल्मेट घालणार, मला घालणार, आणि इंजिन सुरू. वर जाईपर्यंत मी तुमच्या जॅकेटच्या पाठीवरची शिवण बघायची. खाली येताना परत तीच.

पुरुषोत्तम : वर थांबायचो की आपण. मी तुला चहा द्यायचो.

मृदुला : द्यायचात. चहा छानच असायचा. आणि चहा पिताना तुम्ही सांगायचात की आज पट्टा कुठे घसरला.

पुरुषोत्तम : घरी बोलायचंस मग.

मृदुला : घरी तुम्ही गराजमध्ये असायचात. मला दणका बसू नये म्हणून गाडी नीट करत. त्यावर मी काय बोलणार होते? भांडायला जागाच ठेवली नव्हतीत तुम्ही.

पुरुषोत्तम : मला वाटायचं, तुला आवडतं.

मृदुला : पहिल्या वर्षी आवडलं. तो खडक, ते सगळं पांढरं. खरंच आवडलं. मग नाही.

पुरुषोत्तम : म्हणजे किट घेतलं तरी...

मृदुला : नाही येणार मी. तुम्हाला स्वतःला हवं असेल तर घ्या, हौस आहे तुमची, मी कधी नाही म्हटलंय? माझ्या नावावर घेऊ नका. आणि मार्चनंतर इकडे या. वरची खोली रिकामी आहे. सिद्धी कधीची म्हणतेय.

पुरुषोत्तम : तिथे मी काय करू?

मृदुला : काही करू नका. ईशाला शाळेत सोडायला चालत जाऊ दोघं. शेजारी शेजारी. तेवढं केलंत तरी पुष्कळ.

पुरुषोत्तम : बघतो.

मृदुला : हेच तुम्ही गेल्या दिवाळीला म्हणालात. ठेवते, तिनं काहीतरी सांडलंय. अहो, टोपी घालत जा. बारीक झालात का हो? आवाज बारीक वाटतो.

पुरुषोत्तम : गराजमध्ये घुमतो आवाज. ठेव.

धैर्यशील : काका, जॅक सोडू का? हात भरून आला माझा.

पुरुषोत्तम : सोड. सॉरी. विसरलोच मी तुला.

धैर्यशील : चहा करू?

पुरुषोत्तम : नको. त्या वेबसाइटवर किट कार्टमध्ये टाकलंय मी, पैसे भरले नाहीत अजून. ते तेवढं काढून टाक.

धैर्यशील : काढलं. मार्चमध्ये जाणार मग हॅमिल्टनला? गाडी विकायची असेल तर गिऱ्हाईक आहे माझ्याकडं.

पुरुषोत्तम : ते बघू. मला तिथे दुसऱ्या दिवशी कळणार नाही हात कुठे ठेवायचे ते. पण हा हिवाळा अजून आहे. रोज रात्री पाठ शेकत बसायचा कंटाळा आला. तो पाना घे. दहा नंबरच्या खाली टांगलाय.

धैर्यशील : मधल्या खाचेत आणू? सामान असतं तुमचं. थर्मास वगैरे.

पुरुषोत्तम : थर्मास छोटा घेतलाय आता. पहिल्या खाचेत आण.

धैर्यशील : हे झालं. आता माप घेऊ. तुमचे वर जायचे सगळे कपडे घालून बसायला लागेल. दबते किती ते मोजतो मी मागून.

पुरुषोत्तम : एकट्यानं नाही होत हे. बसणारा वेगळा लागतो आणि मोजणारा वेगळा.

धैर्यशील : म्हणून तर मी आलोय.

(पुरुषोत्तम जाड जॅकेट, बूट, हेल्मेट घालून गाडीवर बसतो. धैर्यशील टेप घेऊन मागे वाकतो.)

धैर्यशील : सगळं वजन टाका. पाय वर घ्या.

पुरुषोत्तम : घेतले.

धैर्यशील : माप येईना नीट. मधोमध बसा की काका.

पुरुषोत्तम : मधेच बसलोय.

धैर्यशील : कुठं मधे? पार हँडलला चिकटलाय. मागं अजून एक माणूस बसंल एवढी सीट मोकळी आहे.

पुरुषोत्तम : असंच बसतो मी.

धैर्यशील : दोघं असताना ठीक होतं. आता वजन मागं यायला पाहिजे, नाहीतर सगळं चुकतंय. सरका मागं.

पुरुषोत्तम : किती?

धैर्यशील : सरका. अजून. थोडं अजून... हां. आता बरोबर. बास, आता हलू नका.

पुरुषोत्तम : नाही हलत. घे माप.