बसची लोखंडी फळी

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, संध्याकाळच्या आत सात ब्लाउजांना हुक लावून द्यायचे हायत, तेव्हा तुमी विचारा, मी हात चालू ठेवून सांगते. माझं माहेर ओवे, बापाची भातशेती होती, तिथं आता इमारती हायत. लग्न होऊन पनवेलला आले, नवरा उलव्याला साइटवर वॉचमन, आणि आमची एकच पोर, मनीषा. जन्मली तीच कण्यात गाठ घेऊन, ऑपरेशन झालं पण कमरेखाली जोर आला नाय. काय सांगू तुमाला, रडत बसायला वेळच नव्हता, पोर उचलायची आणि चालू लागायचं, शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, दहावीच्या पेपरालासुद्धा मीच कडेवर नेली. पंधरा वर्षांची घोडी कडेवर, बायका बघायच्या, बघू देत.

तर यंदा गणपतीनंतर तिला कळंबोलीच्या लोखंड बाजारात फोनवर ऑर्डरी घ्यायचं काम मिळालं. शेठ म्हणाला, सोमवारी साडेनवाला हजर हवी, जमणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसरी पोरगी बघतो. रिक्षात तिची चाकाची खुर्ची मावत नाय, राहिली बस. मी म्हटलं, आधी शनिवारी एकदा जाऊन बघू.

बस आली ती रस्त्याच्या मधोमध, कारण थांब्यावर रिक्षा लागलेल्या. खुर्ची चढवायला दाराशी लोखंडी फळी असते, तिच्याकडे कंडक्टर बघतच राहिला, म्हणाला, मावशी, ही कधी कुणी उघडलेलीच नाय, उचलून घ्या ना. मनीषा काहीतरी म्हणत होती, पण मागून सगळे चला चला करायला लागले, मी सवयीनं तिला उचललं, सीटवर ठेवलं, बेल वाजली, गाडी निघाली. पोर म्हणते, आये, मला घेतलंस, खुर्ची खालीच राहिली. आता कळंबोलीत मला टेबलावर मांडून येणार का?

पुढच्या थांब्यावर उतरलो, तिला बाकावर बसवून मी पळत मागं आले, तर खुर्चीत केळीवाली बसून केळी विकतेय. म्हणाली, कुणी नेऊ नये म्हणून बसले गं, पण आराम हाय हिच्यात. मला हसू आलं, खुर्ची घेऊन परत येऊन मनीषाला सांगितलं, ती नाय हसली. म्हणाली, उचलू नको असं मी दोनदा म्हटलं, तू कधी ऐकतेस का? तेवीस वर्षं झाली, तुमाला खरं सांगते, उचलू का असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी शिलाई मशीनचं तेल, स्क्रूड्रायव्हर आणि काथ्या घेऊन मी बस सुटते तिथं गेले. तीच गाडी, तोच कंडक्टर. म्हणाला, मावशी, डेपोची गाडी हाय, हात लावू नका. मी म्हटलं, तुमी लावला असता तर मी कशाला आले असते? मग तोच गुडघ्यावर बसला. बिजागरीतली माती खरवडली, तेल सोडलं, दोघांनी मिळून ओढली तेव्हा कुठं ती फळी उलटली. म्हणाला, उद्या नऊला हीच गाडी, ड्युटी माझीच, फुटपाथला लावायला ड्रायव्हरला सांगतो, रिक्षावाल्यांचं तुमी बघा. ते मी घरी येतायेताच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा पुढं सरकलेल्या होत्या. बस कडेला लागली, फळी पडली, मनीषा चाकं फिरवत चढायला लागली आणि अर्ध्यात अडकली, खुर्ची जराशी मागं आली. माझे दोन्ही हात पुढं झाले, ते मी पदरात गुंडाळून धरले. कंडक्टर माझ्याकडं बघून विचारतो, मावशी, ढकलू का? मी म्हटलं, मला काय विचारता, तिला विचारा. त्यानं विचारलं. ती म्हणाली, मागून जरासं. त्यानं जरासंच ढकललं.

गाडी गेली. पाठोपाठ जावं असं मनात आलं, एक रिक्षावाला विचारायलाही आला, मावशी, कळंबोली का? त्याला नाय म्हटलं आणि घरी आले.