प्रोफेसरसाहेबांची बाजू

—छे छे, शिक्षक म्हणा. प्रोफेसर मी वर्षातून एकच आठवडा असायचो, तोही गोरा. हसताय काय, खरं सांगतोय. अनिमेष म्हणालात ना? मघाशी आईशी फोनवर बोलत होतात, कानावर मराठी पडलं म्हणून हाक मारली. नाहीतर या बत्ह्याच्या बाजारात शुक्रवारी नमाजनंतर एवढ्या गर्दीत कोण कुणाला बोलावतं? तुम्ही जेवा, मासा चांगला असतो या मलबाऱ्याकडे. मी नाही, मला भूक नाही. चहा घेतोय ना.

तर विद्यापीठ— नाव नका विचारू, आता माझा त्याच्याशी संबंध संपला. मी मुंबई विद्यापीठाचा एम.ए., इतिहासात. दापोलीचा यूनुस परकार इतिहासात एम.ए. झाला तेव्हा मोहल्ल्यात कौतुक झालं होतं— आणि इथे सौदीत येऊन काय शिकवलं? इंग्रजी. पहिल्या वर्षाच्या पोरांना. अरबीत 'प' नाही, माहीत आहे? पेपरला बेबर म्हणतात. मग तोंडासमोर कागदाचा चिटोरा धरायचा— 'प' नीट फुटला तर कागद हलतो. अख्खा वर्ग फू फू करत बसायचा. आणि त्यात एक अली. त्याला 'प' येईचना. बाकीचे खिदळायचे, तो तास संपल्यावर माझ्या खोलीत येऊन कागद धरून बसायचा. आला शेवटी. मग काय, घरीच यायला लागला— शरीफा, माझी बायको, तिला खाला म्हणतो, मावशी. तिच्या हातचं तिखट खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा, पण पुन्हा वाढून घ्यायचा.

हां, आठवडा. दरवर्षी आमच्याकडे एक सप्ताह असतो— नाटुकली, भाषणं, प्रदर्शन. मला काहीतरी करायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आपण अठराशे ऐंशीच्या आसपासचं मुंबई विद्यापीठ उभं करू. एक आठवडा तिथला! रविवारी पदवीदान, सोमवारी परीक्षा, मंगळवारी वर्ग, बुधवारी वादविवाद, गुरुवारी मेजवानी. पोरं आपल्या लांब पांढऱ्या थोबवर काळे झगे चढवून हिंडायची, सेल्फी काढायची. डीनला वाटायचं परकारला वेड लागलंय. पण पोरांना आवडायचं हो! आणि सगळ्यात रंगायचा तो बुधवार. विषय ठरलेला— प्रोफेसरची खुर्ची विलायतेहून आलेल्या साहेबाला द्यायची की इथल्या शिकलेल्या माणसाला? तेव्हा आपली माणसं तेच तर मागत होती. पोरं नेटिव्ह व्हायची. साहेब व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून साहेब मी. मिशा लावून, मुद्दाम रटाळ बोलायचो. हरायचो. हरावंच लागतं ना, इतिहास आहे तो! अलीनं पहिल्या वर्षाला मला असा धुतला होता— "सर, आमच्या देशात आम्हीच पाहुणे का?" म्हणाला. मी साहेबपण विसरून टाळ्या वाजवल्या. मीच! मिशी गळून पडली माझी टाळ्या वाजवताना.

तोच अली इंग्लंडला जाऊन एम.ए. करून आला. आणि ह्या रविवारी, पदवीदान संपल्यावर, डीननं मला बोलावलं. खजूर पुढे केला, कहवा ओतला, तेव्हाच ओळखलं मी— इतका कहवा तो कधी ओतत नाही. म्हणाला, उस्ताज यूनुस, वरून आदेश आहेत, तुमची जागा आता सौदी माणसासाठी. अली येतोय. खलास. वर हसून म्हणतो, सप्ताह मात्र पुरा करून द्या, तुमच्याशिवाय होणार नाही. म्हणजे बघा!

सोमवारी अली खोलीत आला. उभाच राहिला. म्हणाला, "सर, मी नाही म्हणू का? तुम्ही सांगा, मी नाही म्हणतो." मी मोठा माणूस ना! मी म्हटलं, वेड्या, घे, यासाठीच तर शिकवलं तुला. पाठीवर हात ठेवला. तो रडला. मी नाही रडलो. आता वाटतं, एकदा तरी म्हणायचं होतं— नाही म्हण. म्हणजे त्यानं नाही म्हटलं असतं तरी दुसरा कुणी आलाच असता, ते मला कळतं— पण तो दुसरा असता ना! दुसऱ्याला शिव्या घालता आल्या असत्या.

बुधवारी सभागृह भरलेलं. अली अध्यक्षाच्या खुर्चीत. पोरं बोलली, तीच वाक्यं, मीच लिहून दिलेली. मग साहेब उठले. म्हणजे मी. आणि काय झालं कुणास ठाऊक— रटाळ बोलायचं ते राहिलंच. मी म्हणालो, यांना खुर्ची हवी, पण खुर्ची घडवली कुणी? आम्ही घरदार सोडून आलो, यांच्या उन्हात करपलो. माझी आई गेली तेव्हा मी इथे यांच्या पोरांचे पेपर तपासत बसलो होतो, मातीलाही पोचलो नाही— आता साहेबाची आई कुठली दापोलीची! पण बोललो. थांबता येईना. म्हणालो, यांच्यातल्या एकेकाच्या तोंडासमोर मी कागद धरलाय, साधी अक्षरं फुटत नव्हती यांना, आणि हे— हे म्हणे प्रोफेसर! आणि अलीकडे बोट दाखवलं. हो. सरळ.

पोरं माझ्याकडे बघतायत, डीन माझ्याकडे बघतोय. आणि अली उठला— मला वाटलं, आता बाहेर काढतो— उठून टाळ्या वाजवायला लागला. जोरजोरात. "वा सर! साहेबाची बाजू इतकी जिवंत आजवर कुणी मांडली नव्हती!" झालं, सगळं सभागृह उभं. डीननं मिठी मारली. मला कप दिला, उत्कृष्ट अभिनयाचा! घरी कपाटावर आहे. शरीफानं दोनदा पुसलाय.

त्याला कळलं होतं हो. त्याच्या डोळ्यांत दिसलं मला. एकट्यालाच कळलं, म्हणून तर उठला. हेच नाही सहन होत. चिडला असता, एक शब्द उलट बोलला असता, तर मी सुखानं घरच्या विमानात बसलो असतो. कोण हा मला सांभाळून घेणारा? मी त्याला बोलायला शिकवलं, आणि त्यानं माझी अब्रू झाकायची? काल मेजवानीला गेलो नाही. पाठ दुखते म्हटलं.

काय? घरी का नाही जेवलो? असंच. नाही— आज शरीफानं त्याला जेवायला बोलावलंय. नोकरी लागली म्हणून. कोलंबीचा पुलाव केलाय सकाळपासून खपून. तिला बुधवारचं खरं काही माहीत नाही, त्यानंही सांगितलेलं नाही. मी दही आणतो म्हणून बाहेर पडलो. दही कोपऱ्यावरच मिळतं— मी टॅक्सी करून बत्ह्यात आलो.

थांबा, तिचाच फोन. हं, बोल. ... बत्ह्यात. ... मिळालं नाही तिकडे, म्हणून. ... आलाय? केव्हाचा? ... मग वाढ ना त्याला, माझ्यासाठी कशाला थांबलाय तो? ... सांग, सरांना काम निघालं. काहीही सांग. ... नको, त्याच्याकडे नको देऊ. शरीफा, ऐक, फोन नको देऊ—

...

थांब अली, एक मिनिट. अनिमेष, तुम्ही जरा त्या पलीकडच्या टेबलावर बसा. हो, ताट घेऊन जा. जा म्हटलं ना.