मैना उशीचं नाव

सन्माननीय अध्यक्ष मारोतराव, व्यासपीठावरील वकील मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या ॲडव्होकेट इंदुताई मानकर आणि समोर बसलेल्या बायामाणसांनो, जया मेश्रामचा सविनय जय भीम, नमस्कार. मी घाटंजीच्या महिला गटाची. इंदुताई वकिली थांबवून लेकीकडे चालल्या, म्हणून दोन शब्द बोलायला मले उभं केलं.

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत शेतकऱ्याजवळ वेचणीचे पैसे नसत. मजुरीत कापूसच मिळे. तो साफ करून आम्ही उशा भरल्या, कोपऱ्यावर मैना काढली. बाजारात गिऱ्हाईक मैनेचीच उशी मागू लागलं. अन् एक दिवस नोटीस आली. ‘मैना’ हे नाव एका कारखानदारानं उशांसाठी केव्हाचंच नोंदवलेलं, आम्ही ते वापरू नये. आता नाव गेलं तर गिऱ्हाईक राहते का? आमच्या बिजलीबाई तर रडल्याच.

ताईंनी एकच विचारलं, त्याची मैना उशी कोणी पाहिली का? कोणीच नाही. पाच वर्षांवर न वापरलेलं नाव नोंदवहीतून काढता येते, हे आम्हाले कुठं ठाऊक? ताईंनी मुंबईला नावं नोंदवायच्या कचेरीत अर्ज लावला. बाई मोठी कडक! एखादा कागद उशिरा दिला की असं बोलत, काही विचारू नका.

सुनावणीत समोरचे वकीलसाहेब म्हणाले, कापसाचं संकट होतं, धंदा बसला, म्हणून नाव वापरता आलं नाही, त्यात मालकाचा काय दोष? संकट खोटं कसं म्हणायचं? आम्हीच तर भोगलं. ताई सावकाश उठल्या.

“साहेब, संकट खरं आहे. त्याच संकटात या बायांना मजुरी म्हणून कापूस मिळाला आणि त्याच कापसाच्या यांनी उशा भरल्या. मग यांना ते कसं जमलं?”

निकाल लागला, नोंदवहीतून त्याचं नाव निघालं. पुढे ताईंनीच ते आमच्या गटाच्या नावानं नोंदवून दिलं. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातात धरूनच तंबी दिली, “नुसतं नाव घेऊन बसाल, तर तुमचंही काढायला मीच येईन.”

ताई, तुमचा धाक आम्हाले लई प्रिय आहे. तुमच्याशिवाय करमणार नाही, हे खरंच सांगते.

संयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आम्ही गटाच्या बाया कार्यक्रमाला मागाहून पोचलो, त्याचीही माफी असावी. सकाळच्या उशा भरून व्हायच्या होत्या.