मंदारचं पिस्तूल आणि माझी दाढ

डेंटिस्ट मित्र जरूर असावा, पण त्याला पिस्तुलाचा नाद नसावा, हे मी भोगून सांगतोय.

आपला मंदार, ज्याचं ते रापाला नावाचं दातांचं क्लिनिक आहे, तो हल्ली दर रविवारी पिस्तूल क्लबात जातो. परवा मी त्याच्या खुर्चीत किडकी दाढ घेऊन आ वासून पडलो होतो. घासायचं मशीन माझ्या तोंडाशी आणून हा म्हणतो, "काय वैताग आहे रे! साध्या गोळ्या पिस्तुलात सटासट चढतात, पण हॉलो पॉइंट भरल्या की जॅम. त्यांच्या टोकाला खळगा असतो ना, तुझ्या दाढेसारखा, तो नळीत शिरायच्या उतारावर अडकतो."

"आँ," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग हेच मशीन घरी नेलं आणि तो उतार घासून आरशासारखा चकचकीत केला."

मी ताडकन उठून बसलो. तोंडातला कापूस मांडीवर पडला. "हेच? जे आत्ता माझ्या तोंडात घालतोयस, ते?"

"अरे, स्टरिलाइज केलंय. पड गप."

"बरं, जॅम तरी थांबला का?"

"छे! क्लबात कुणीतरी दुसरं मॅगझिन दिलं, गोळ्या भरायची डबी रे, ते लावलं, तर स्वीट ॲज, एकदम झकास! दोष मॅगझिनच्या स्प्रिंगचा होता. मी उगाच भलतीकडे घासत बसलो."

एवढं बोलून त्याने दिवा माझ्या तोंडावर ओढला आणि मशीन सुरू केलं.

"हं, दुखते ती दाढ नक्की कुठली म्हणालास?"