शिशाच्या टोपावर फोडलेला नारळ

शिसं घरी वितळवायला नारळ कशाला लागतो, असं मी बायकोला सांगून बघितलं. पण ती ऐकते कुणाचं? "पयलाच काम आसा, तुमी गप ऱ्हवा," म्हणाली आणि देवाला गाऱ्हाणं घालायला शेजारच्या भिकूला घेऊन आली.

माझा जीव शिशात. जुन्या जाळ्यांचं शिसं वर्षभर जमवलं होतं. त्याच्या लगडी पडल्या तरच माझ्या पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, वजनं होणार. वजनाशिवाय पाग म्हणजे पाण्यावर घातलेली चादर.

चुलीवरच्या टोपात शिसं पातळ झालं तसे भिकूने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या म्हाताऱ्याच्या कामात काय वाकडा-नाकडा आसात, ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बायको म्हणाली.

आणि भिकूने नारळ टोपावरच धरून कोयत्याने फोडला.

नारळाचं पाणी तापल्या शिशात पडलं आणि सगळं शिसं फाडकन वर उडालं. आम्ही तिघं माडामागे पळालो म्हणून वाचलो. अर्धं शिसं भिंतीला चिकटलं, बाकीचं अंगणभर.

"मेल्या, नारळ टोपार फोडतत?" मी ओरडलो.

"गाऱ्हाणा टोपाचा. नारळ काय तुझ्या कपाळार फोडू?"

बायको भिंतीवरचं शिसं खरवडत म्हणाली, "फोडूक व्हयो होतो. शिसा तरी वाचला असता."