निळ्या टोपीचा साहेब

नेपाळातल्या गुलरियाच्या जिल्हा कचेरीत, रांगेत माझ्यापुढे थारू जमातीच्या दोन बायका होत्या.

"फुलबासी दिदी, पुन्हा अर्ज?"

"चौथा. चौकशी आयोग बदलला की माझा नवरा नव्यानं बेपत्ता होतो."

"आता काय विचारलंय?"

"शेवटचा कुणाबरोबर दिसला. लष्कराच्या त्या कॅप्टनचं नाव लिहिलंय. माओवाद्यांशी लढाई चालली त्या साली, माघीच्या सणाला, तांदळाच्या उकडलेल्या ढिकरीच्या ताटावरून उठवून नेलं त्यानं."

"मग त्याला विचारतील की."

"तो आता मोठा साहेब झालाय. सरकारनं आफ्रिकेत धाडलाय, युनोची निळी टोपी देऊन. गावोगाव शांतता राखतो म्हणे. बाबू म्हणतो, तिथली भांडणं मिटली की येईल, मग विचारू."

"आपल्याला पुरून उरली असेल शांतता, म्हणून बाहेर पाठवतात."

"तिथल्या बायकांना तेवढा निरोप द्या म्हणावं, नवऱ्याला वाढताना दाराला कडी घाला."